ज्वाळेतला चेहरा

दै महिना, दिवस आदुर

दिवसभर उलटी अक्षरं कोरून माणसाची बुद्धीही उलटी होते, असं आमच्या घरात एक मत आहे. मत देनगचं. ती माझी बायको, त्यामुळे मत ठाम. म्हणून टांकसाळीत कातड्याचे तुकडे उरले की मी घरी आणतो आणि संध्याकाळी त्यांच्यावर चार ओळी सुलट लिहितो. कुणी वाचायच्या नाहीत. हात सरळ व्हावा, एवढंच.

आज राजधानीहून, तिस्फोनहून, घोडेस्वार आला. गादीवर नवा राजा बसला आहे. टांकसाळीचे मुख्य वेहदाद यांनी तिथल्या तिथे जुने ठसे कानशीनं घासून टाकायला लावले. ज्या नाकावर मी एक अख्खा उन्हाळा घालवला होता, ते घासायला गुश्नला दोन जांभयांइतका वेळ लागला. गुश्न आमचा घणवाला. त्याला नाकांचं काही वाटत नाही.

जुना राजा पूर्वेला हूणांवर चालून गेला होता. त्याचं काय झालं ते स्वारानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. राजेही थकतात. आमचा पोरगा बुर्झीन त्याच सैन्याबरोबर गेला आहे, चिलखतांच्या कड्या सांधायला. गादीवर दुसरा बसला म्हणजे लढाई संपली, आणि लढाई संपली म्हणजे सैन्य परत निघालं असणार. सैन्य हळू चालतं. सामान असतं, म्हातारे उंट असतात. देनगला हे सगळं नीट समजावून सांगितलं. ती डाळ निवडत होती. "हं," म्हणाली.

दै महिना, दिवस मिहर

मुकुट झाला. दोन पंख, मधे चंद्रकोर, वर गोळा. शिशाचा नमुना स्वारानं आणला होता, त्यावर बोट फिरवत फिरवत कोरला. डोळ्यांपेक्षा बोटाला जास्त कळतं.

प्रत्येक राजाचा मुकुट वेगळा. बाजारातली म्हातारीसुद्धा मुकुट बघून सांगते की हा कोण आणि ह्याच्या काळात गहू महाग होता का. चेहऱ्याला कुणी विचारत नाही. सरळ नाक, गाठ मारलेली दाढी, मानेमागे केसांचा घोस, हे आम्ही आजोबांपासून तेच कोरत आलो आहोत.

तरी गुश्ननं विचारलंच, "उस्ताद, नवा राजा दिसतो कसा?"

"स्वाराला विचार. तो तिथूनच आलाय."

स्वार दह्यात भाकरी बुडवत होता. म्हणाला, "मी त्यांचे घोडे पाहिलेत. चांगले आहेत."

"मग घोड्याचंच तोंड काढा, उस्ताद. निदान कुणीतरी बघितलेलं असेल."

"गुश्न," वेहदाद आतून ओरडले, "तुझी जीभ आणि तुझा घण एकाच दिवशी तुटणार आहेत, आणि मी फक्त घण बदलणार आहे."

सगळे हसले. बुर्झीन असता तर त्याचं हसू सगळ्यात शेवटी थांबलं असतं. ऐरणीवर चकत्या ठेवायचं काम त्याचं. तो चकती ठेवायचा, गुश्न घण मारायचा, आणि दोघं मिळून एक घाणेरडं गाणं म्हणायचे. गुश्न हल्ली गात नाही. चांदीच्या धुरानं घसा बसला असेल. त्याला म्हटलं, मध खा.

दै महिना, दिवस राम

नाण्याच्या मागच्या बाजूचा नमुना रेशमी कापडावर काढून आला आहे. मधे अग्निवेदी, दोन बाजूंना दोन रक्षक, हे नेहमीचंच. पण यावेळी ज्वाळांमध्ये एक चेहरा आहे. समोर बघणारा. राजाचा चेहरा नेहमी एका बाजूला वळलेला असतो, तो कुणाकडे बघत नाही. हा थेट आपल्याकडे बघतो.

मोबेद माहयार दुपारी आले. अग्निमंदिर त्यांच्याकडे, आणि आम्ही आगीचं चित्र कोरतो म्हणून आमच्यावरही त्यांची नजर. बुर्झीनला प्रार्थना त्यांनीच शिकवल्या, कमरेला पवित्र दोराही त्यांनीच बांधला. मी कापड त्यांच्यासमोर धरलं.

"मोबेदजी, हा कोण?"

"कुणी नाही. देव राजाला जे तेज देतो ना, ते आहे ते. ते आगीत असतं."

"तेजाला नाक असतं?"

"असतं," ते शांतपणे म्हणाले, "पण ते कुणाचं नसतं."

आता कुणाचं नसलेलं नाक कसं कोरायचं, हे त्यांनी सांगितलं नाही. मोबेद लोकांचं हे एक बरं असतं. अवघड तेवढं सांगून ते जेवायला जातात.

बहमन महिना, दिवस अर्दवहिश्त

चार वेळा तो चेहरा मेणात करून बघितला. एकदा वेहदाद झाले. एकदा माझा मेहुणा झाला. एकदा चक्क बकरी. चौथा चांगला झाला होता, पण त्यात कुणीच नव्हतं. रिकाम्या घरासारखा दिसत होता, म्हणून मोडून टाकला.

आज उजाडता उजाडता अग्निमंदिरात जाऊन बसलो. तिथे आत एक निळसर अंधार असतो, आणि त्यात आग स्वतःशीच बोलत असते. मोबेदजी तोंडावर पांढरं फडकं बांधून चंदनाचं लाकूड ठेवत होते. आपला श्वास आगीला लागू नये म्हणून ते फडकं. फडक्याच्या वर फक्त डोळे दिसतात, आणि ते डोळे मग कुणाचेही होतात. मी भिंतीला टेकलो.

झोप लागली म्हणवत नाही, कारण आगीचा आवाज ऐकू येत होता. पण मी एका रुंद नदीच्या काठावर होतो. पलीकडे हिरवं होतं, इतकं हिरवं की दातांना आंबट लागावं. बुर्झीन मधोमध चालला होता, माझ्याकडे पाठ करून. नदी एवढी मोठी, पण पाणी त्याच्या गुडघ्याच्याही खाली. मी ओरडलो, "सांभाळ रे!" तो वळला आणि म्हणाला, "अहो बाबा, पाणीच नाही बघा." आणि हसला.

इतकं बरं वाटलं मला. तो वाटेत आहे. नद्या ओलांडतो आहे.

घरी न जाता तसाच टांकसाळीत गेलो. सकाळचं काम दुपारी संपलं तेव्हा ज्वाळांमधला चेहरा झालेला होता. कसा केला, आठवत नाही. हात करत होता आणि मी बघत होतो. वेहदाद भिंग घेऊन बराच वेळ वाकून राहिले. मग म्हणाले, "विंदाद, हा तर श्वास घेतोय." माझ्या जन्मात वेहदादांनी मला दिलेली ही पहिली शाबासकी. इथे लिहून ठेवतो, उद्या ते नाही म्हणतील.

बहमन महिना, दिवस आबान

पहिली नाणी पाडली. गुश्ननं पहिलं नाणं उचललं, फुंकर मारली, बघितलं आणि घण खाली ठेवून बाहेर गेला. बराच वेळ आला नाही. वेहदाद शिव्या देत होते. परत आला तेव्हा डोळे लाल. चांदीचा धूर वाईटच. त्याला पुन्हा म्हटलं, मध खा.

बहमन महिना, दिवस फ्रवर्दीन

उकाडा फार. आता आम्ही गच्चीवर झोपतो. सूर्य मावळला की सगळं शहर आपापल्या गच्चीवर चढतं, आणि मग इकडच्या भांडणाला तिकडून सल्ला मिळतो. देनगनं गाद्यांवर पाणी शिंपडलं. जर्दाळू चिरत बसली.

"अहो," ती म्हणाली, "फ्रवर्दीगान आलं."

"आलं कुठे? अजून महिन्यावर आहे."

"घर सारवायला हवं. दहा दिवस ती सगळी येतात, कुठे बसतील?"

वर्षाचे शेवटचे दहा दिवस गेलेली माणसं घरी येतात. पहिल्या संध्याकाळी घरच्या कर्त्यानं दारात दिवा धरून एकेकाला नावानं हाक मारायची. नाव घेतल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. मेली तरी मानी असतात.

"यंदा कुणाकुणाला बोलवायचं?" तिनं विचारलं.

"दरवर्षी बोलावतो त्यांनाच. माझे वडील, आई, तुझा भाऊ. तुझा भाऊ बोलावला नाही तरी येईल म्हणा."

ती हसली नाही. भावावरून चिडवलं की एरवी उशी फेकते. "आणखी कुणी?" म्हणाली.

"आणखी कोण? घर भरलंय तेवढं पुरे."

तिनं जर्दाळूच्या बिया मुठीत घेतल्या आणि बराच वेळ मूठ उघडली नाही.

शेजारच्या गच्चीवर तीरदादची बायको रडत होती. तीरदादही त्याच सैन्यात गेलेला. आठ दिवस झाले, थांबतच नाही. मला तिचा राग येतो. आपल्यात सांगूनच ठेवलंय की मेलेल्यामागे फार रडू नये. मागे राहिलेल्यांच्या आसवांची नदी होते आणि ती गेलेल्यालाच ओलांडावी लागते. जितकं रडाल तितका पूर. आणि इथे तर माणूस मेल्याची खबरही नाही.

देनगच्या डोळ्यांत मात्र टिपूस नाही. बुर्झीन गेल्यापासून मी बघतोय, कोरडे ठणठणीत डोळे. आईचं मन खोटं बोलत नाही म्हणतात. तिच्या मनात वाईट असतं तर ती रडली असती. तिच्या डोळ्यांकडे बघितलं की मला झोप छान लागते.

बहमन महिना, दिवस देन

आज एक गंमत. देनग खरबूज आणायला गेली आणि हात हलवत परत आली. नव्या नाण्यांतला दिरम मुठीत तसाच.

"का गं?"

"गोड नव्हतं."

"चाखलंस?"

"नाही."

आता न चाखता खरबूज गोड नाही हे कळणं ही देनगची खास विद्या. ती आत गेली, दिरम धुतला, पदरानं पुसला आणि दिव्याच्या कोनाड्यात उभा करून ठेवला, राजा भिंतीकडे आणि अग्निवेदी आपल्याकडे. मग त्याच्यासमोर बसून राहिली. भाकरी करपली.

इतक्या वर्षांत माझ्या कामाकडे तिनं कधी ढुंकून बघितलं नव्हतं. "राजाला नाक काढता ते काढता, दाराची कडी कोण बसवणार?" असं म्हणणारी बाई. आणि आज करपलेली भाकरी! उशिरा का होईना, घरात किंमत झाली. मला फार सुख वाटलं. करपलेली भाकरी सगळी खाल्ली.

स्पेंदार्मद महिना, दिवस तीर

मिहर दरवाजाजवळ पूर्वेहून आलेला एक माणूस बसला आहे, असं सकाळी टांकसाळीत कळलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, जाईन सवडीनं. पण हातातली कोरणी दोनदा घसरली, तेव्हा वेहदाद म्हणाले, "जा बाबा, चांदीचा सत्यानाश करू नकोस."

दरवाजाच्या सावलीत बसला होता. वयानं तरुण, पण अंगावर माती अशी की आतूनच उगवलेली. भोवती बायका-माणसं. एकेक जण नाव सांगत होता आणि तो मान हलवत होता, माहीत नाही, माहीत नाही. म्हणाला, घोडे पुढे धावले आणि पुढे जमीनच नव्हती. हूणांनी खंदक खणून वर गवत पसरलं होतं. राजा सगळ्यांच्या पुढे होता.

माझी पाळी आली. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, "तिकडे खरबुजं कशी असतात?"

लोक माझ्याकडे बघायला लागले. तो मात्र हसला नाही. नीट विचार करून म्हणाला, "लहान असतात. पण गोड." मग म्हणाला, "काका, तुमचं कोण होतं?"

"होतं नाही, आहे. मागून येतोय. सामानाबरोबर."

"सामान सगळ्यात आधी गेलं, काका. मागून आता कुणी नाही."

मी त्याला जवळची भाकरी दिली आणि निघालो. बिचारा उन्हातून आलेला. थकलेला माणूस काहीही बोलतो. आणि तो उत्तरेच्या वाटेनं आलाय, दक्षिणेच्या वाटेचं त्याला काय माहीत?

घरी देनगनं विचारलं, "काय म्हणाला?"

"तिकडे खरबुजं गोड असतात म्हणाला."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी गच्चीवर निघून गेलो. खाली ती सारवत होती. अख्खी दुपार मला सारवल्याचा आवाज येत होता.

स्पेंदार्मद महिना, दिवस स्रोश

मोबेद माहयार घरी आले. ते सहसा कुणाच्या घरी जात नाहीत. देनगनं पाणी आणलं, थंड दही आणलं. त्यांनी दह्याला हात लावला नाही. झग्यातून एक दिरम काढून चटईवर ठेवला, अग्निवेदी वर.

"उस्ताद, हा चेहरा कुणाचा?"

"कुणाचाच नाही. तुम्हीच म्हणालात."

"मी म्हणालो. तू केलंस काय ते बघ." त्यांनी भिंग पुढे केलं. "हा कान बघ. डावा. वरून मुडपलेला. हा कान मी सात वर्षं पिरगाळलाय, मला ओळखायला भिंग लागत नाही."

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, "मोबेदजी, ठशात मी उजवा कान मुडपलाय. मला चांगलं आठवतंय. बुर्झीनचा डावा."

त्यांनी नाणं बोटानं माझ्याकडे सरकवलं. आणि मग मला माझंच बोलणं ऐकू आलं. ठशात उजवा म्हणजे नाण्यावर डावा. आम्ही उलटं कोरतो ते एवढ्यासाठीच, की सुलट उमटावं. चाळीस वर्षांच्या सवयीच्या हातानं त्याचा कान बरोबर जागी ठेवला होता, आणि मला विचारलं नव्हतं.

नाणं उचलून घेतलं. हनुवटी. एका बाजूला जरा जास्त वर जाणारं हसू. आगीच्या मधोमध बसून माझा पोरगा माझ्याकडे बघत होता, आणि मी इतके दिवस त्याची वाट बघत होतो.

मोबेदजींचा आवाज फार हळू होता. "मला एकच सांग. तो आहे की नाही?"

"आहे," मी म्हणालो.

"मग हा ठसा फोडावा लागेल. पाडलेली सगळी नाणी वितळवावी लागतील. जिवंत माणसाचं तोंड आगीत ठेवणं म्हणजे राजाच्या तेजावर हक्क सांगणं. तिस्फोनला कुणी कळवलं तर तुझा हात जाईल." त्यांनी भिंग परत झग्यात ठेवलं. "आणि तो गेला असेल, तर ही त्याची फ्रवशी, देह गेल्यावर मागे उरतो तो आत्मा. देहाचा आगीशी संबंध नाही, पण खऱ्यानं वागून गेलेल्याची फ्रवशी आगीजवळच असते. मग मला काही म्हणायचं नाही, आणि वर कुणी विचारलं तर उत्तर मी देईन. शास्त्रात असं कुठे लिहिलेलं नाही, उस्ताद. हे मी माझ्या अकलेनं सांगतोय. फ्रवर्दीगान लागेपर्यंत विचार कर."

देनग दारात उभी होती. मोबेदजी गेल्यावर दह्याचं भांडं उचलून आत गेली.

स्पेंदार्मद महिना, दिवस बहराम

ठसा फोडणार. त्यात विचार काय करायचा? पोरगा जिवंत आहे, ठसा लोखंडाचा आहे. हिशोब सोपा आहे.

नवा ठसा करायला घेतला. वेदी झाली, रक्षक झाले, ज्वाळा झाल्या. मधली जागा तेवढी मोकळी आहे.

स्पेंदार्मद महिना, दिवस वाद

मधली जागा मोकळीच आहे. कोरणी टेकवली की हात हनुवटीकडे जातो. उचलतो. पुन्हा टेकवतो. आज गुश्न जवळ येऊन बसला. म्हणाला, "उस्ताद, राहू द्या ना तो तिथे. मी घण मारतो तेव्हा वाटतं, चकती त्यानंच ठेवलीय."

मी त्याला म्हटलं, तुझा घसा बरा दिसतोय, गा की. तो म्हणाला, "ते गाणं एकट्याचं नाहीये."

एवढा आडदांड माणूस, पण मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही. लोक बघत होते.

स्पेंदार्मद महिना, दिवस अर्द

उद्या फ्रवर्दीगान. जुना ठसा मी आज झग्यात लपवून घरी आणला. लोहाराकडे न्यायचा, भट्टीत टाकायचा आणि संपवायचं. पण आधी घरी का आलो, देव जाणे.

घर सारवून लख्ख. कोपऱ्यात मर्टलच्या सुवासिक फांद्या, डाळिंबं, द्राक्षाची दारू. स्वयंपाकघरात लसणीचं दही लावलेलं. लसणीचं दही आमच्याकडे एकच माणूस खातो.

"हे कुणासाठी?" मी विचारलं. आवाज चढला होता.

"तुम्हाला माहीत आहे."

"देनग, तू जिवंत माणसाला मेलेल्यांच्या पंगतीला बसवतेस! त्यानं आयुष्य कमी होतं, कळतं का तुला? आई ना तू? त्या तीरदादच्या बायकोचं मी समजू शकतो, ती रडते तरी. तू तर एकदाही रडली नाहीस. एकदाही! मी रोज तुझे डोळे बघून म्हणायचो, हिला ठाऊक आहे, तो येणार आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली, जणू मी परक्या मुलखातला होतो.

"तो येणार म्हणून नाही रडले मी?" ती म्हणाली. "अहो, त्याला पोहता कुठे येतं?"

मी झग्यातल्या ठशासकट खाली बसलो.

ती शेजारी बसली. डोळे अजूनही कोरडे. मी पहिल्यांदा नीट बघितले ते डोळे. कडा सोललेल्या. किती महिने ती ते पाणी आतल्या आत परतवत होती, आणि मी त्या जिवावर झोपत होतो.

"तुम्हाला कसं कळलं? कुणी सांगितलं?" मी विचारलं. इतका गोंधळलो होतो की बायकोला अहो-जाहो करायला लागलो.

"कुणी सांगत नाही. सकाळी उठले एकदा, आणि घर मोठं झालं होतं." मग माझ्या झग्यावर हात ठेवून म्हणाली, "आत ठसा आहे ना? फोडायचा तर फोडा, तुमचा हात आधी महत्त्वाचा. पण हाक मारा. हाक मारली आणि तो जिवंत असला, तर एक दिवस येईल आणि दोघांना हसेल. म्हणेल, काय म्हातारे लोक आहात. मी त्याच्या पाया पडेन हवं तर. आणि हाक नाही मारली, आणि तो दारात उभा असला? सगळ्यांची नावं झाली, सगळे आत गेले, आणि तो तिथेच उभा? दहा दिवस?"

मी लोहाराकडे गेलो नाही.

स्पेंदार्मद महिना, दिवस अस्मान

सकाळीच अग्निमंदिरात जाऊन आलो. मोबेद माहयार अंगण झाडत होते. मी म्हटलं, "तो नाही." त्यांनी झाडू खाली ठेवला आणि माझे दोन्ही हात हातात घेतले. ठसा टांकसाळीत परत गेला आहे. दुपारपासून गुश्न त्याच्यावर नाणी पाडतो आहे.

कालचं लिहायचं राहिलं.

सूर्य मावळला तसे गल्लीत सगळ्या दारांत दिवे आले. सगळ्या घरांतून नावं ऐकू यायला लागली. एरवी भांडणारी गल्ली, काल एका आवाजात नावं घेत होती. तीरदादच्या दारात त्याची बायको उभी होती. घरात पुरुष नाही, तिनंच हाक मारली, आवाज कापू न देता. मग तिनं रडणं थांबवलं.

मी दिवा धरला. वडिलांचं नाव घेतलं, या म्हटलं. आईचं घेतलं. देनगच्या भावाचं घेतलं, त्याच्या दारूचा पेला भरून ठेवलाय तेही सांगितलं. वारा नव्हता, पण दरवेळी ज्योत जरा वाकायची आणि सरळ व्हायची, जणू कुणी जवळून आत जात होतं.

मग मी थांबलो. हाक बापाच्या नावासकट मारायची असते, अमक्याचा मुलगा अमका. आजवर ते नाव माझ्या आज्याचं असायचं, सासऱ्याचं असायचं. माझं नाव या हाकेत मी गेल्यावरच यायचं होतं, आणि हा दिवा बुर्झीनच्या हातात असायचा होता. मी त्याला लहानपणी शिकवलंही होतं, आवाज फार चढवायचा नाही, ते ऐकतात.

देनग मागे उभी होती. गल्लीत एकेक दार बंद होत होतं.

"विंदादचा मुलगा बुर्झीन," मी म्हटलं. आवाज चढला. चढू दे.

पुढचा शब्द काही केल्या माझ्या तोंडातून निघेना. तेव्हा देनग पुढे आली, दारातून बाजूला झाली, आणि खेळून उशिरा आलेल्या पोराला म्हणावं तशा आपल्या रोजच्या आवाजात म्हणाली, "ये रे. पाय धुऊन ये."